पार्किंगमधला साहेब

सबनीस सर कोणाच्याही घरी गेले की आधी यजमानांची नक्कल करत आणि मग चहा मागत. दुबईत ऊद मेथातल्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खुसखुशीत निबंध त्यांना जवळजवळ पाठ होते. त्यात न उठणारे पाहुणे असत, उसन्या छत्र्या असत. "तेव्हाचा लंडनकर आणि आजचा दुबईकर, फरक फक्त टोपीचा," असं ते म्हणायचे. त्याच धर्तीवर ते मराठीत लिहायचे. "अरब इन्शाल्ला म्हणतो ती प्रार्थना, आपण म्हणतो ती सबब," हे त्यांचं वाक्य आमच्या मराठी मंडळात सगळ्यांच्या तोंडी होतं. नवा लेख आधी मला वाचायला द्यायचे, म्हणून मी त्यांना जवळचं मानलं.

त्या वर्षी सुहासची, माझ्या नवऱ्याची, नोकरी गेली. मुलीला, सईला, कळू नये म्हणून तो रोज टाय लावून, डबा घेऊन निघायचा आणि मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून अर्ज पाठवायचा. सरांच्या ओळखी पुष्कळ. मी त्यांना सगळं सांगितलं.

"सर, कुणाला बोलू नका हं."

"खलास! इथेच पुरलं," ते म्हणाले. दोन ठिकाणी त्याचा सीव्हीही त्यांनी दिला.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सरांनी नवा लेख वाचला, या वेळी आधी मला न दाखवता. आरशात बघून स्वतःलाच गुड मॉर्निंग म्हणणारा, स्टिअरिंगवर डबा उघडणारा, टायवर सांडलेली आमटी पुसून लंच टाइम संपला म्हणून घाई करणारा 'पार्किंगमधला साहेब'. लोक हसून बेजार झाले. सुहासही आधी हसला, मग एकदम थांबला. टायवरचे ते डाग सईने पाहिले होते. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, इज दॅट बाबा?"

मी सरांना दारातच गाठलं. "मी विश्वासाने सांगितलं होतं, सर."

"अगं, नाव कुठे घेतलं मी? आणि किती मायेनं लिहिलंय! टाळ्या ऐकल्यास ना?" त्यांना खरंच कळत नव्हतं.

गाडीत सई मागे हेडफोन लावून बसली. सुहासने विचारलं, "त्यांना कसं कळलं?" सईला ऐकू जात नाही ना, हे मी मागे वळून पाहिलं. तो म्हणाला, "लिहिणारा लिहिणारच. सांगितलंस तू."

पुढे सरांनी सुचवलेल्याच ठिकाणी, दुसऱ्या अमिरातीत रास अल खैमाला, त्याला नोकरी लागली. सर निवृत्त होऊन भारतात परतले. त्यांच्या निरोपाला मी गेले नाही. सुहास शनिवार-रविवार घरी येतो. कसं चाललंय विचारलं की "छान" म्हणतो. त्यापुढे तो मला काही सांगत नाही.