लाल मुंडाशाची खूण

वारलूचे गुडघे कामातून गेले होते, तरी रोज चार वाजता तो धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत उभा राही. राजुऱ्याजवळच्या आमच्या कोळसा खाणीचे मॅनेजर साहेब धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शंभर चेंडू मारत आणि वारलू ते वाकून वाकून टोपलीत भरी. त्याला गोल्फचा सराव म्हणत. मी खाणीतला कारकून. मला तर हा म्हाताऱ्याला छळण्याचा धंदा वाटे.

साहेबांचा नेम मात्र बसला होता. निम्मे चेंडू वारलूच्या लाल मुंडाशाच्या आसपास पडत.

छप्पन सालच्या हिवाळ्यात साहेब कामठीला सामना खेळायला गेले आणि सपशेल हरून आले. आल्या आल्या बांधीवर वारलूला बोलावलं.

"वारलू, सच बोलो. इस प्रॅक्टिस का कुछ फायदा है? नहीं तो मैं छोड़ देता हूँ. तुम दिवाघर में बैठो."

दिवाघरात खाणीचे दिवे पुसायचे. दिवसभर बसून काम! मी मागे उभा राहून मनात म्हणत होतो, नाही म्हण रे बाबा, एकदाचा सुटशील.

वारलूने मुंडासं काढून हातात घेतलं. तरुणपणी त्याची शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी होती. रोज शेतातून घराकडे पळवायचा. गोठ्यातल्या वैरणीच्या ओढीने बैल उधळत यायचे. पटाच्या दिवशी धावायची दिशा घराच्या उलट होती. जोडी वळली आणि सरळ गावाकडे निघाली. सारा पट हसला. वारलूने पुन्हा पटात पाय ठेवला नाही.

"फायदा हाय साहेब," तो म्हणाला. "पन तुमी एकाच धुऱ्यावरून, माह्या मुंडाशाले पाहून मारता. तिथी कामठीले मुंडासं कुठी रायते? जागा बदलवत जा."

मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवसापासून साहेब कधी उतारावरून, कधी झुडपांतून मारू लागले. चेंडू दाही दिशांना. वारलूला मुंडासं घरीच ठेवायला सांगितलं होतं. बोडक्या डोक्याने तो बोरीच्या काट्यांत चेंडू शोधत फिरे. मला त्याचा रागच आला.

"काऊन सांगतलं रे? नाई म्हटलं असतं तर आज बसून असता."

तो गुडघ्यावर हात टेकून कसाबसा उठला.

"माह्या बैलायच्या येळेस मले सांगाले कोनी नोतं, बाबू," म्हणाला, आणि टोपली उचलून पुढच्या काट्याकडे गेला.