साबियाची दोन बटणं

साबिया आतारशी भांडायचं असेल तर पोटभर जेवून या, कारण मधे सुट्टी मिळत नाही. हे मी, आम्रपाली, अनुभवाने सांगते. कुरुळीतल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून मशीनच्या कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. सुपरवायझर उगाच ओरडला की मी गप्प बसते आणि घरी जाऊन भांडी आपटते. साबिया तिथल्या तिथे आपटते. म्हणूनच मला ती आवडते.

गावच्या जत्रेत शोभेची दारू उडवायचा मान तिच्या घराचा, तिच्या आजोबांच्याही आधीपासूनचा. पालखी देवळात परतली की आतारांच्या घरच्या हाताने पहिला नळा उडायचा, मग बाकीचे. नळा म्हणजे जमिनीत अर्धा पुरलेला लोखंडी पाइप. त्यातून गोळा वर जातो आणि आभाळात फुलतो. परवाना तिच्या अब्बांच्या, युनूसभाईंच्या नावावर. नळे उडवायला त्यांच्याकडे एक खिळ्यांचा पाट होता. लाकडी फळीवर ओळीने खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्यापासून एकेका नळ्याला वायर गेलेली. बॅटरीची मोकळी तार हातात धरायची. ती ज्या खिळ्याला टेकवाल तो नळा उडतो.

गेल्या जत्रेत एक नळा कलला म्हणून युनूसभाई तो सरळ करायला वाकले. मोकळी तार पाटावर तशीच टाकली होती. ती घसरून नेमकी त्याच नळ्याच्या खिळ्याला लागली. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला. खांद्याला नुसता लटकतो, उचलत नाही.

यंदा जत्रा कमिटीचे बबनराव रिमोटवर दारू उडवणाऱ्या एकाला घेऊन आतारांच्या दारात आले. मी तेव्हा तिथेच चहा पीत होते. रिमोटवाला म्हणाला, आमचं मशीन फक्त आमच्या तयार खोक्यांवर चालतं, हे नळे आणि हा पाट आता भंगारात घाला.

"मग आमच्या घरानं काय करायचं?" साबियाने विचारलं.

"तुमी खुर्चीत बसून बघायचं," बबनराव म्हणाले. "मानाचा नारळ देऊ की."

"नारळ त्या रिमोटवरच फोडा, बबनकाका. नळे हेच राहतील, पाटही हाच राहील. हात जाणार नाही असं मी करून दाखवते. ते आधी बघा, मग काय आणायचं ते आणा."

युनूसभाई पाटावरची धूळ डाव्या हाताने पुसत बसले.

कामावरून सुटलं की आम्ही भंगारवाल्यांकडे चकरा मारायचो. शेवटी कुदळवाडीत साबियाला हवं ते मिळालं: मोडीत काढलेल्या प्रेस मशीनची बटणांची पेटी. आमच्या पट्ट्यात ही पेटी कोणालाही ओळखू येते. दोन बाजूंना दोन जाडजूड बटणं, मधे लाल स्टॉप. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात प्रेसखाली सापडत नाहीत. साबियाने ती पेटी बॅटरी आणि पाटाच्या मधे जोडली. मोकळी तार काढून टाकली आणि तिच्या जागी एक फिरता स्विच बसवला. तो ज्या नळ्यावर ठेवाल तेवढाच नळा तयार, आणि दोन्ही बटणं दाबली तरच तो उडणार. पेटी नळ्यांपासून लांब, स्टँडवर.

बबनराव बघायला आले. त्यांचा जन्म प्रेस शॉपमध्ये गेलेला. त्यांनी बटणांवरून तळवे फिरवले आणि आपली दहा बोटं आम्हाला दाखवली. "ही असल्या बटणांनीच राखली. रिमोट नगं. हेच चालू द्या." मग जाता जाता दारात थांबले. "पण एक हाय, पोरी. मानाच्या जागेवर बाईमाणूस उभं ऱ्हायलेलं गावाला चालायचं न्हाई. वायरी जोडून दे आन् बायकांत जाऊन बस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीन हिचं, नळे हिच्या घरचे आणि बसायचं बायकांत! आता ही भांडणार म्हणून मी पदर खोचून तयारच होते. साबिया फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा मला तिच्या भांडणापेक्षा जास्त राग आला. वाटलं, संपलं, ही पण माझ्यासारखी घरी जाऊन भांडी आपटणार.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला पालखी परतली. साबियाने सगळ्या जोडण्या तपासल्या आणि माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसली. युनूसभाई पेटीसमोर उभे राहिले. स्विच पहिल्या नळ्यावर फिरवला, डावा हात एका बटणावर ठेवला आणि तसेच थांबले. हलगी वाजून थांबली. लोक वर बघत होते. वर काहीच होईना.

सगळ्यांत आधी बबनरावांच्या लक्षात आलं. ते लगबगीने पुढे झाले. "थांबा युनूसभाई, दुसरा हात मी देतो."

युनूसभाईंनी बटणावरचा डावा हातही काढून घेतला.

"मान माझ्या घराचा हाय, बबनराव. घरातलाच हात लागंल."

"आवो, तुमच्या घरात दुसरा गडी कुठं हाय?"

"मी गडी कुठं म्हणलो? हात म्हणलो."

कोणीतरी हसलं. कोणीतरी मागून ओरडलं, "उडवा की राव लवकर!" बबनराव पालखीकडे, मग लोकांकडे बघत राहिले. रीतीच्या आड ते कसे येणार, रीत सांगायला तेच आले होते. शेवटी ते बाजूला सरकले.

साबिया उठली. सगळ्या गावासमोरून ओढणी सावरत, सावकाश चालत गेली. बाप-लेकीने एकदम बटणं दाबली. पहिला गोळा वर गेला, फुटला, आणि मी इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी आवाज बसला होता.

सगळे नळे संपल्यावर बबनराव पेटीपाशी आले. प्रेस शॉपचं डोकं ते, गप्प थोडंच बसणार!

"पोरी, एक बटण पायाला लावता आलं असतं की. युनूसभाईनी एकट्यानं उडवलं असतं."

"आलं असतं," साबिया वायर गुंडाळत म्हणाली.

"मग का न्हाई लावलंस?"

"मग मी बायकांत बसले असते, काका."