घरच्या घरी होवरक्राफ्ट

उधन्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पस्तीवाला बसायचा. सुरतेत रद्दीला पस्ती म्हणतात. त्याच्याकडे कुठून कोण जाणे, जुनी अमेरिकन मासिकं यायची. मला इंग्रजी येत नव्हतं, पण मागच्या पानांवरच्या जाहिराती चित्रांवरून कळायच्या. त्यातल्या एका चित्रात टाय लावलेला माणूस गोल तबकडीवर बसून जमिनीच्या वीतभर वर तरंगत होता, आणि त्याची बायको दारातून कौतुकानं हात हलवत होती. त्या वाहनाला होवरक्राफ्ट म्हणतात, ते घरी बनवता येतं आणि त्याचा नकाशा पोस्टानं येतो, हे मला गणिताच्या मास्तरांनी वाचून सांगितलं.

आमच्या भागात पावसाळ्यात खाडीचं पाणी शिरायचं. वडील लूमच्या पाळीला निघाले की पँट गुंडाळून डोक्यावर घ्यायचे. मी गल्लीभर जाहीर केलं की पुढच्या पावसाळ्यात वडील तरंगत कामाला जातील. नकाशा मागवायचा तर अमेरिकेला इंग्रजीत पत्र लिहायला हवं होतं, म्हणून मी नकाशाशिवायच सुरुवात केली. घरातला एकुलता एक टेबल फॅन पाटाखाली उलटा बांधला आणि बटण दाबलं. पाट जागेवरच राहिला आणि पंख्याची पाती तुटली. ते उन्हाळ्याचे दिवस होते. सगळं घर पुठ्ठ्यानं वारा घेत माझ्याकडे बघत बसायचं. वडील खानदेशातून आलेले, मितभाषी. ते एवढंच म्हणाले की पोराला हवेचं ज्ञान आहे, आता हवेची किंमतही कळेल.

आज मी पन्नाशी ओलांडली आहे. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात एम्ब्रॉयडरीची मशीनं दुरुस्त करतो. तिथे सगळे मला इंजिनियरसाहेब म्हणतात आणि मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही. मध्यंतरी कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं मोबाइलवर काहीतरी शोधताना मला हाक मारली. कुणीतरी ती जुनी मासिकं इंटरनेटवर टाकली होती. तोच टायवाला, तीच तबकडी, आणि दुसऱ्या कुणी हौशी माणसानं चढवलेला अख्खा नकाशा. मला बसावंच लागलं. बायकोला वाटलं गावाकडून काही वाईट बातमी आली.

महिनाभर माझे रविवार त्यात गेले. प्लायवूडची गोल फळी कापली, तिच्या खाली जाड प्लास्टिक ताणून ठोकलं, आणि वर कारखान्यातून आणलेला, मशीनवरचा सुताचा कचरा उडवायचा ब्लोअर बसवला. बायको सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहायची. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. “हाई शे तरी काय?” असं तिनं विचारलं की मी नकाशा दाखवायचो. ती नकाशा न बघता माझ्याकडे बघायची.

पहिल्या चाचणीला मी टाय लावला नव्हता, एवढंच माझं शहाणपण. ब्लोअर सुरू झाला, प्लास्टिक भाकरीसारखं टम्म फुगलं आणि फुटलं. मुलीनं नकाशा हातात घेतला, दोन मिनिटं वाचला आणि म्हणाली, “पप्पा, खालच्या प्लास्टिकला भोकं पाडायचीत. हवा बाहेर कुठून येणार?” ती सूचना नकाशावर मोठ्या अक्षरात होती. मी चित्रं बघून काम केलं होतं.

पुढच्या रविवारी भोकं पाडून नवं प्लास्टिक लावलं. ब्लोअर घोंघावला, फळी थरथरून किंचित उचलली गेली. मी तिच्यावर बसलो आणि ती परत टेकली. माझं वजन त्या टायवाल्यापेक्षा बरंच जास्त होतं. सोसायटीची माणसं जमली होती. त्यांच्यात आई होती, गुडघ्यांमुळे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. आयुष्यभर घरी बसून तिनं धाग्याच्या बॉबिनी भरल्या, आता पार्किंगपलीकडे फारशी जात नाही.

“माले बसू दे,” ती म्हणाली. “मी हलकी शे.”

मी नको म्हणालो, बायको नको म्हणाली. आई तोवर उठलीही होती. शेवटी खुर्चीसकट तिला फळीवर बसवलं आणि मी ब्लोअर सुरू केला. फळी उचलली गेली. मी बोटानं जरासं ढकललं, तर आई लोण्यावरून जावी तशी सरकली. पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून गेटकडे उतरती केलेली आहे, हे मला तेव्हा आठवलं. आई वेग घेत निघाली आणि मी मागून धावलो. मुलगी ओरडली की प्लग काढा.

“थांबाडू नको रे भाऊ,” आई मागे न बघता म्हणाली.

वायर संपली, प्लग आपोआप निघाला, आणि फळी गेटच्या अलीकडे हळूच टेकली. सोसायटीचे प्रमुख तिथेच स्कूटर लावत होते. ते काही बोलायच्या आत आईनं पदर सारखा केला आणि त्यांना रस्त्यातून बाजूला व्हायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये होवरक्राफ्टला बंदी आली. ब्लोअर कारखान्यात परत गेला. आई अजून गावाकडच्या बहिणींना फोनवर ती गोष्ट सांगते. तिच्या सांगण्यात ती गेटबाहेर गेली होती, हल्ली तर हायवेला लागलेली असते. मशीन म्हणे नातीनं बनवलं. त्यात मीही आहे, मागून धावणारा म्हणून.