पायरीवरची पिवळी मोहरी

मिहीर, तन्वी,

तुमच्या आजोबांनी चष्मा मागितला होता, म्हणून मी हॉस्पिटलातून घरी आले. सेक्टर बत्तीसपासून आपल्या घरापर्यंत रिक्षाने फारसा वेळ लागत नाही. चष्मा नेहमीच्या जागी, जेवणाच्या टेबलावर, काचेच्या पेटीशेजारी होता. तो पुसून डबीत ठेवत होते तेवढ्यात फोन वाजला. नर्सचा आवाज अगदी कोवळा होता. "आंटीजी, आप अकेली हैं?" एवढंच तिने आधी विचारलं, आणि मला कळलं. मी गॅस बंद आहे ना ते पाहिलं, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि चष्मा घेऊनच पुन्हा निघाले. का घेतला, सांगता येणार नाही... त्यांनी मागितला होता, एवढंच.

याला आता दीड महिना होऊन गेला. तुमची आई आली, दिवसकार्य होईपर्यंत राहिली, परत गेली. परवा फोनवर तन्वीने मला इंग्रजीत विचारलं की सगळे चंदीगड सोडून जात होते तेव्हा आजोबा का नाही गेले, आई तर तेव्हा लहान होती. मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या. तिलाही यातलं थोडं माहीत नसेल.

तुमचे आजोबा इथल्या वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवायचे. आम्ही तेव्हाही याच घरात, सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालक ग्रेवालजी. जेवणाच्या टेबलावर कायम एक पुठ्ठ्याचं गाव मांडलेलं असायचं, आणि आम्ही तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. गावाचं नाव नोतो, इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे, तिथलं. तीनशे वर्षांपूर्वी ते भूकंपात पार कोसळलं. जुन्या डोंगरावरच पुन्हा बांधा म्हणणारे पुष्कळ होते, तरी काही मैल दूर, मोकळ्या उतारावर सरळ रस्ते आखून नवं गाव वसवलं. लाहोर गेल्यावर चंदीगड वसवलं तसंच काहीसं, म्हणून ते वर्गात या गावापासून सुरुवात करायचे. त्या काळच्या बरोक पद्धतीप्रमाणे तिथे सगळं नक्षीदार, फुगीर, थोडं नाटकी आहे. यांना नक्षीत रस नव्हता. यांचा जीव मधल्या चौकात. एका बाजूला उंचावर चर्च, समोर नगरपालिकेची बुटकी इमारत, आणि चर्चपासून चौकात उतरणाऱ्या भल्या रुंद पायऱ्या. "जमीन पुन्हा हलली तर घरातून पळत यायला मोकळी जागा हवी, म्हणून चौक रुंद," ते सांगायचे. "आणि हलली नाही, तर रोज बसायला पायऱ्या."

तिथल्या दगडाचा मधासारखा रंग यावा म्हणून पुठ्ठा माझ्या चहाच्या पाण्यात बुडवलेला होता, पायऱ्या लग्नपत्रिकांच्या होत्या. माणसं मात्र मोहरीची. मापात बरोबर बसते म्हणे. रोज संध्याकाळी ते सेक्टर सतराच्या चौकात जायचे, कारंज्याजवळ बसायचे, कोण कुठे टेकतं, कोण कोणाला बघून थांबतं ते पाहायचे, आणि घरी येऊन काडेपेटीच्या काडीने तशी मोहरी नोतोच्या चौकात मांडायचे. मोहरी उडेल म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. एकदा ग्रेवालजी लस्सीचा लोटा घेऊन वर आले आणि घाम पुसत म्हणाले, "प्रोफेसरसाब, आपकी प्रजा को गर्मी नहीं लगती, पर हम तो मर गए." मग वाकून बघत, "और सब काले ही काले? पंजाब में बैठे हो जी, सरसों का एक दाना तो रखो." खाली जाऊन मूठभर पिवळी सरसों घेऊन आले. तुमच्या आईने, अनघाने, त्यातला एक दाणा उचलून सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला. "ही मी." तिचा त्या वर्षीचा फ्रॉक पिवळा होता.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"खालच्या पायरीवर. त्यांना चढायचा कंटाळा."

"आणि मी?"

"तू नगरपालिकेच्या दारात. सारखी म्हणतेस ना, चला, उशीर झाला."

तेव्हापासून आम्हा तिघांच्या जागा ठरल्या.

मग पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं आली. सकाळी पेपर आला की पहिलं पान मी आत घडी घालून ठेवायची. बसमध्ये, बाजारात पाट्या लागल्या, बेवारस वस्तूला हात लावू नका. अंधार पडायच्या आत शटर खाली. ओळखीची मराठी कुटुंबं एकेक करून निघून गेली. गणपतीच्या आरतीला आवाज कमी पडू लागला. हे मात्र संध्याकाळी सतरा सेक्टरात जातच राहिले, आणि अनघा त्यांच्याबरोबर. एका संध्याकाळी कारंज्यापाशी कोणी तरी पिशवी विसरलं. पोलिसाने शिट्टी फुंकली आणि सगळा चौक पळत सुटला. त्या धावपळीत तिचा हात त्यांच्या हातून सुटला. ती सापडली एका बुटांच्या दुकानात. दुकानदाराने तिला आत ओढून शटर पाडलं होतं. पिशवीत वाटाणे निघाले. ग्रेवालजी तिला हसवायला म्हणाले, "बेटा, मटर से डर गई?" ती हसली नाही. त्यानंतर शाळेच्या बसमध्ये चढली की आधी सीटखाली वाकून बघायची, मग खिडकीतून माझ्याकडे, आणि मगच बसायची.

"आपण पुण्याला जाऊ," मी म्हटलं. "तिघंही. दादा तुमच्यासाठी तिथल्या कॉलेजात शब्द टाकेल."

ते बराच वेळ काडीने पायऱ्यांवरची धूळ काढत राहिले. "अनघाला पाठव. तिने का भोगायचं? तूही जा."

"आणि तुम्ही?"

"माझ्या वर्गात सीमेकडच्या गावांतली दोन पोरं आहेत. घरी जाता येत नाही म्हणून सुट्टीतही हॉस्टेलवर राहतात. त्यांना मी शिकवतो की माणसं बसली तर तो चौक, नाही तर नुसती फरशी. आता कोणत्या तोंडाने सांगू की मी चाललो?"

"त्यांना दुसरे सर मिळतील. तिला दुसरे बाबा मिळणार नाहीत."

त्यांनी काडी काडेपेटीत परत ठेवली.

मी अनघाला पुण्याला दादा-वहिनींकडे ठेवलं आणि परत आले. मी का परतले, हेही तुम्ही कधी तरी विचाराल. त्या रिकाम्या चौकातून हा माणूस घरी येणार आणि दार उघडायला कोणी नाही, हे मला पुण्यात बसून सोसलं नसतं. अनघाजवळ मामा-मामी होते, भावंडं होती. यांच्याजवळ कोणी नव्हतं. असा विचार मी केला. बरोबर होता की नाही, मला आजही कळत नाही.

टेबलावरची मोहरी कमी कमी होत गेली. "तिकडे लोक घरातून चौकात पळायचे, इथे चौकातून घरात पळतात," एवढंच एकदा म्हणाले. काही संध्याकाळी चौकात आम्ही तिघंच उरायचो, खालच्या पायरीवर ते, दारात मी, आणि वर ती. ग्रेवालजी बघून म्हणाले, "ये पीली वाली तो हिलती ही नहीं."

"छुट्टियों में हिलेगी," हे म्हणाले.

पहिली काही वर्षं हललीही. मे महिन्यात अनघा आली की काडी तिच्या हातात. दाणा चौकभर फिरवायची आणि जायच्या दिवशी पुन्हा वर नेऊन ठेवायची. मग क्लास, कॉलेज, नोकरी, टोरांटो. येत राहिली, पण काडी हातात घेतली नाही. भांडली कधीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दिवस निवळले, सतरा सेक्टर पुन्हा भरला, आणि एकदा तर माझा मोहरीचा डबा तळाला गेला इतकी माणसं यांनी मांडली. वर काचेची पेटी बसवली, तेव्हा कुठे पंखा लागला. पिवळा दाणा होता तिथेच.

दोन वर्षांपूर्वी अनघाने फोनवर विचारलं, "बाबा, नोतोची तिकिटं काढू? तुम्ही ते गाव अजून पाहिलंही नाही."

"आता गुडघे नको म्हणतात. पायऱ्या चढायच्या नसतील तर जाऊन बघायचं काय?"

"खालच्या पायरीवर बसा की. तुमची जागा तीच आहे."

स्पीकरवर मी ऐकत होते. दोघंही हसले.

या वेळी ती निघाली तेव्हा टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती. तिने बॅग दारात ठेवली, परत आली, काच उचलली. काडी मागितली नाही. बोट जिभेला लावून पिवळा दाणा टिपला आणि खालच्या पायरीवर, बाबांच्या काळ्या दाण्याला लागून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू चल माझ्याकडे. इथे कोणासाठी थांबायचं आता?"

"बघू," मी म्हटलं. "जा, उशीर होईल."

मी रोज संध्याकाळी काच पुसते. ताट अजून मांडीवरच घेते. खालच्या पायरीवर ती दोघं आहेत, माझा दाणा नगरपालिकेच्या दारातच आहे. चौक ओलांडायचा तर मधलं अंतर चार बोटांचं. काडी हातात घेते, माझ्या दाण्यापाशी नेते... आणि मग चष्मा डबीतून काढून पुसते, पुन्हा डबीत ठेवते.