धुतलेली ट्रॉली

आमच्याकडे पाहुण्याला वापरातली वस्तू आहे तशी दाखवत नाहीत. त्यामुळे परदेशी कंपनीचा इंजिनिअर येणार हे कळल्यावर दादाने, माझ्या थोरल्या भावाने, आमची ट्रॉली बोअरच्या पाण्याने धुऊन काढली. शेणाचा डाग ठेवला नाही. वर झेंडूची माळ बांधली आणि पारासमोर उभी केली. रिकामी.

नवा रस्ता गाव आणि शेत यांच्या मधून, भिंतीएवढ्या भरावावरून जाणार होता. आम्हाला शेतात जायला खालून बोगदा ठेवायचा होता. तो किती उंच ठेवायचा हे ठरवायला इंजिनिअर आला होता. मी बदनापूरला शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाषा मीच.

त्याने ट्रॉलीला टेप लावला. मग ट्रॅक्टरला, वर ड्रायव्हरला बसवून. मला विचारलं, "याहून उंच काही जातं का?"

मला कडबा आठवला होता. ट्रॉलीच्या कडेच्या फाळक्यांच्या वर माणूसभर रचलेला, दोरांनी आवळलेला. पण वहिनी चहा घेऊन आली होती, दादा ट्रॉलीवर हात टेकून फोटोला उभा होता, सगळं गाव खुशीत होतं. "नाही, एवढंच," मी म्हणालो.

त्याची माणसं रस्ता बांधून आपल्या देशात गेली. आता रस्ता ज्यांच्याकडे आहे ते आमच्या अर्जावर म्हणतात, उंची गावासमोर मोजून ठरली आहे. वरून ट्रॅक्टरला बंदी, दोन्ही बाजूंनी जाळी.

यंदा ज्वारी काढल्यावर दादाने नेहमीसारखी ट्रॉली भरली. दादाची बैलजोडी घरामागच्या गोठ्यात असते आणि वर्षभर या कडब्यावर जगते. मी सुट्टी काढून गेलो होतो. ट्रॅक्टर बोगद्यात शिरला, आणि कडबा वरच्या काँक्रिटला घासत जाऊन मधोमध रुतला. पुढे जाईना, मागे येईना. डोक्यावरून गाड्या धडधडत होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते. दोन्ही बाजूंना माणसं अडकली.

मागे मोटारसायकलवर शेजारचे काका होते. "मास्तर," ते म्हणाले, "इंग्रजीत सांगा की ह्या बोगद्याला, जरा वर व्हय म्हणावं."

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

दादा पेंढ्यांवर पोटावर सरपटत होता, काँक्रिट आणि कडबा यांच्यामधल्या फटीत. तिथून एकेक पेंढी ओढून खाली टाकत होता. मी झेलत होतो.

"दादा, थोडा थोडा नेऊ. चार खेपा जास्त होतील."

"भाड्याचा ट्रॅक्टर हाय. रोज कोण खेपा मारून राह्यलं?" त्याने आणखी एक पेंढी ओढून खाली टाकली. "पावसाळ्यात तर हितं पाणीच थांबतं. मंग काय खांद्यावर नेऊ?"

"मी परत एक अर्ज करतो."

"कर. पर त्यात आपली ट्रॉली किती उंच लिहिशील?"

मी खाली मान घालून पेंढ्या रचत राहिलो. इंजिनिअरच्या त्या प्रश्नाला मी काय म्हणालो होतो, ते मी दादाला आजवर सांगितलेलं नाही. तो इंग्रजी शिकलेला नाही. माझं 'नो' मात्र त्याला कळलं असेल, एवढं इंग्रजी सगळ्यांना येतं.

ट्रॉली मोकळी झाली तेव्हा अर्ध्या कडब्याचा चाकांखाली चुरा झाला होता. उरलेला गावाकडे न्यायला ड्रायव्हरने गिअर टाकला. दादाने त्याला हात केला.

"माघारी घे. शेतातच रचू."

"आणि बैलं?" मी विचारलं.

"त्यांला हिकडं आणतो. पत्र्याचं शेड मारू. जनावराजवळ माणूस पायजे, म्हणून मी बी हिकडंच."

वहिनीला गुडघ्यांमुळे तिकडे राहणं जमण्यासारखं नाही. ती घरी असते. रविवारी मी गावी जातो तेव्हा ती दादाचा डबा माझ्या हातात देते, आणि मी बोगद्यातून चालत निघतो. मान वाकवावी लागत नाही. माणसाला तो पुरेसा उंच आहे.