भिंतीवरची बोंडं

मी जाहिराती लिहून पोट भरते. एखादी ओळ झकास जमली, की अकोटचा एक पेंटर आठवतो.

कॉलेजसाठी मी रोज अकोटहून एसटीनं अकोल्याला जायचे. स्टँडसमोरच्या भिंतीवर तो कपाशीच्या बियाण्याची जाहिरात रंगवत होता. ब्रश दातांत धरून अंगठ्यानं पांढरा रंग पसरवायचा. बोंडं अगदी खरी वाटायची. शेतांत मात्र त्या साली बोंडं धरलीच नव्हती.

"कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"अब्बानं. लहानपणी घराच्या भिंती काळ्या केल्या, तं रागावले नाही. अजून कोळसा आणून देल्ला."

एका सकाळी एक म्हातारे शेतकरी भिंतीपाशी थांबले. "या बियाण्यानं असा कापूस येते का, बाबू?"

त्यानं ब्रश खाली केला. "मले मालूम नाही, काका. मी तं फोटो पाहून काढून राहिलो."

म्हातारे निघून गेले. तो माझ्याकडे वळला. "हात चांगला असला, म्हणजे झूठही चांगलं दिसते, ताई."

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. जाहिरात अर्धीच राहिली.

काही महिन्यांनी तो एका शाळेच्या भिंतीवर नकाशा रंगवताना दिसला. बियाण्याचं काम का सोडलं, असं मी विचारलं.

"इथं पोरं विचारतात, हे काय हाय," तो म्हणाला, "तं मले सांगता येते."