मिशांआड राहिलेला धडा

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा माझ्यापुढे अठरा मुली आणि एकच खोली. रोज संध्याकाळी उद्याचा धडा मी तीन-चार तऱ्हांनी मांडून ठेवी. एकीला कमी दिसायचं, तिच्यासाठी हाताने मोजायला चिंचोके. मिठागराकडून येणारीला पुस्तकी भाषा उमगत नसे, तिच्यासाठी तिच्या घरचे शब्द. याचा मला भारी अभिमान! पण कासाराच्या मुलीपुढे माझी मात्रा चालेना. तापात तिचे कान गेले होते. तिला अगदी पुढ्यात बसवून मी घसा फुटेस्तोवर ओरडे. ती नुसती टकमक बघत राही.

कासार म्हणाला, "मास्तर, यंदा परीक्षा घ्यायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांपुढे उत्तर आलं नाही तर पोरीला घरी बसवतो."

मुलगी माझ्या फार जिवाची. मी धास्तावलो.

एकदा ती बापाबरोबर आमच्याकडे आली. तो बांगड्या भरत होता आणि ही माझ्या बायकोशी खुशाल गप्पा मारत होती! मी चाटच पडलो.

"अहो, ती ओठ बघून समजते," बायको म्हणाली. "तुमचे ओठ दिसतात कुठे?"

लगेच आरसा घेऊन मिशा छाटायला बसलो. डावी बाजू जास्त कापली गेली, म्हणून उजवी कापली, तर ती त्याहून गेली. मी पडलो तापट. वस्तरा घेतला आणि साफ उतरवल्या.

बाप असताना मिशा काढायच्या नसतात, हे रागात आठवलंच नाही. शेजारी समाचाराला आले, तर ओसरीवर वडीलच सुपारी कातरत बसलेले. "मी आहे अजून," एवढं म्हणून ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते मला फार लागलं. शाळेत मात्र मुलगी भराभर पाढे म्हणू लागली.

परीक्षेला ठाण्याहून डिप्टी आले. त्यांच्या मिशा माझ्या होत्या त्याहून झुपकेदार!

"चौदा सक?" त्यांनी विचारलं. मुलगी गप्प. मी तेच पुन्हा विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"मास्तर, तुम्ही खुणा करता," डिप्टी म्हणाले. दाराशी उभ्या कासाराचा चेहरा उतरला. मी सगळं सांगून टाकलं, मिशांसकट.

डिप्टी मला निरखत राहिले. मग मुलीसमोर खाली बसले, दोन बोटांनी आपल्या मिशा वर धरल्या आणि सावकाश म्हणाले, "एकोणीस पंचे?"

"पंच्याण्णव."

कासाराने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले आणि पुढच्या इयत्तेचं पुस्तक कोणतं आणू, असं मला विचारलं. माझा ओठ थरथरत होता आणि झाकायला मिशा नव्हत्या.